आवाज थांबले, तरी चिल्लरचा हिशेब का जुळत नाही

स्किझोफ्रेनियाच्या गोळ्या सुरू होऊन सहा महिने झालेले असतात. कानात येणारे आवाज थांबलेले असतात, शेजारी जेवणात काहीतरी कालवतात हा संशय ओसरलेला असतो, रात्री झोप लागते. घरच्यांना वाटतं, पोरगा बरा झाला. मग त्याला नागपूरच्या महाल भागातल्या घरच्या दुकानावर बसवलं जातं आणि तिथे गाडी अडते. शंभराच्या नोटेतून 68 रुपये कापून किती परत द्यायचे, हे पटकन सुचत नाही. हिशेब चालू असताना दुसऱ्या गिऱ्हाइकाने हाक मारली की पहिला हिशेब डोक्यातून पुसून जातो. संध्याकाळी गल्ला जुळत नाही. "काहून रे बाबू, ध्यान कुठं राहते तुझं?" आई विचारते, आणि त्याच्याकडे उत्तर नसतं.

घरात याला आळस म्हणतात, नाहीतर गोळ्यांची गुंगी. गोळ्यांचा वाटा कधीकधी असतो, त्याकडे पुढे येऊच. पण मूळ कारण वेगळं आहे. स्किझोफ्रेनियात लक्ष, स्मरण आणि विचारांचा वेग यांनाही मार बसतो, आणि आवाज थांबवणारं औषध तो मार फारसा भरून काढत नाही. माणूस नोकरीत टिकेल का, घर सांभाळू शकेल का, हे ठरवण्यात आवाजांपेक्षा या भागाचा हात मोठा असतो, हे 1990 च्या दशकापासून अनेक अभ्यासांत दिसलं आहे. तरी घाईच्या ओपीडीत विचारलं जातं ते "आवाज येतात का?" एवढंच. म्हणून हा भाग घरच्यांनी स्वतःहून सांगायला हवा, आणि सांगायचा तर आधी तो नीट कळायला हवा.

खरं तर जुन्या डॉक्टरांना हे दिसलं होतं. एमिल क्रेपेलिन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी या आजाराचं वर्णन केलं तेव्हा त्याला दिलेल्या नावाचा अर्थच 'अकाली बुद्धिभ्रंश' असा होता. ऑयगेन ब्लॉयलर यांनी 1908 मध्ये 'स्किझोफ्रेनिया' हे नाव सुचवलं. क्रेपेलिन यांच्या नावात एक मोठी चूक मात्र होती. हा म्हातारपणच्या बुद्धिभ्रंशासारखा सतत खाली उतरत जाणारा आजार नाही. आजार झालेल्या बऱ्याच मुलांमध्ये शाळेच्या वयातच थोडी घसरण दिसते, आजार पहिल्यांदा उफाळतो त्याच्या आसपास ती वाढते, आणि पुढे बहुतेकांमध्ये वर्षानुवर्षं साधारण तिथेच राहते. 25 व्या वर्षी चिल्लर जुळत नाही म्हणजे 40 व्या वर्षी घरच्यांची ओळखही राहणार नाही, अशी भीती अनेक आईबाप मनात घेऊन फिरतात. तसं होत नाही.

नेमकं काय बिघडतं

नागपूर मेट्रोचं उदाहरण घेऊ. खापरीहून प्रजापती नगरला जायचं आहे. ऑरेंज लाइनच्या गाडीत बसायचं, सीताबर्डीला उतरायचं, वरखाली करून अ‍ॅक्वा लाइनचा फलाट शोधायचा, आणि गाडी लोकमान्य नगरकडे जाणारी नाही ना, हे बघून चढायचं. साधं वाटतं, पण यात चार-पाच वेगळ्या क्षमता एकाच वेळी राबतात. 'सीताबर्डीला उतरायचं' हे वीसेक मिनिटं मनात जागं ठेवावं लागतं. आजूबाजूच्या गप्पांतून स्टेशनची घोषणा वेगळी काढावी लागते. फलाटावरची पाटी वाचून गाडीचं दार बंद व्हायच्या आत ठरवावं लागतं. चुकीच्या गाडीत बसलोच तर पुढच्या स्टेशनला उतरून परत यायचं, हा पर्याय सुचावा लागतो. आणि वाट विचारायची तर कोणाला, समोरचा वैतागलाय की मदत करेल, हे चेहऱ्यावरून ओळखावं लागतं.

या प्रत्येक पायरीला संशोधनात नाव आहे. विचारांचा वेग, लक्ष टिकवणं, थोड्या वेळासाठी माहिती मनात धरून तिच्यावर काम करणं, ऐकलेलं लक्षात ठेवणं, पाहिलेलं लक्षात ठेवणं, नियोजन, आणि माणसं वाचणं. स्किझोफ्रेनियात हीच सात अंगं मोजायची असं आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरलं आणि त्यासाठी सुमारे तास-दीड तासाची चाचणीमालिका तयार झाली. सर्वांत जास्त फटका बसतो तो वेगाला आणि ऐकलेलं लक्षात ठेवण्याला. शेवटच्या अंगाकडे घरच्यांचं सर्वांत कमी लक्ष जातं. भाऊजी सहज थट्टेत काही बोलले आणि रुग्ण दोन दिवस रुसून बसला, तर संशय परत आला असं घरचे धरून चालतात. कधी ते खरंही असतं. पण पुष्कळदा त्याला थट्टा आणि टोमणा यांतला फरक आवाजाच्या चढउतारावरून कळलेला नसतो, इतकंच.

घट किती असते, हे रांगेवरून समजून घ्या. एकाच वयाची, सारखंच शिकलेली 100 निरोगी माणसं गुणांप्रमाणे उभी केली तर मधला माणूस 50 व्या जागी असतो. स्किझोफ्रेनिया असलेल्या सरासरी माणसाला त्या रांगेत उभं केलं तर त्याच्या मागे साधारण 7 ते 16 जण उरतात. हा सरासरीचा आकडा आहे. काहींची जागा रांगेच्या बरोबर मध्ये असते, आणि त्यांतले काही आजार सांभाळून इंजिनिअरिंग पूर्ण करतात, वकिली करतात. मात्र असा माणूसही अनेकदा स्वतःच्याच आधीच्या जागेपेक्षा खाली आलेला असतो. दहावीला 85 टक्के मिळवणारी मुलगी आता 'सर्वसाधारण' गुण घेत असेल, तर चाचणी म्हणेल ठीक आहे. तिला मात्र माहीत असतं की ठीक नाही. म्हणून तपासणीला जाताना जुन्या गुणपत्रिका सोबत न्या.

आणखी एक. म्हाताऱ्या माणसांसाठी असते ती 30 गुणांची झटपट चाचणी (आज कोणता वार, हे कोणतं गाव, 100 मधून 7 वजा करत जा) इथे पुरत नाही. तीत 28 गुण मिळवणारा तरुण दुकानात गोंधळू शकतो. चाचणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडून, आणि रुग्ण ज्या भाषेत विचार करतो त्या भाषेत व्हावी. नागपुरात घरी मराठी, बाजारात हिंदी आणि कॉलेजात इंग्रजी अशी तिहेरी सवय असते. शब्दांची यादी इंग्रजीत ऐकवली तर स्मरणाची घट कुठे संपते आणि भाषेची अडचण कुठे सुरू होते, हे सांगता येत नाही. चाचणी आजार शांत असताना, आदल्या रात्री झोप झालेली असताना घ्यावी. दाखल असताना पहिल्या आठवड्यात काढलेल्या गुणांवरून शिक्षण-नोकरीचे निर्णय घेऊ नयेत.

मेंदूत काय दिसतं, आणि त्यावरून काय ठरत नाही

1976 मध्ये लंडनच्या नॉर्थविक पार्क हॉस्पिटलमध्ये इव्ह जॉनस्टोन, टिम क्रो आणि सहकाऱ्यांनी, तेव्हा नव्याने आलेल्या सीटी स्कॅनवर, दीर्घकाळ आजारी असलेल्या रुग्णांच्या मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या मोठ्या झालेल्या दाखवल्या. या पोकळ्यांना व्हेंट्रिकल म्हणतात. ज्यांची पोकळी मोठी, त्यांचे बौद्धिक चाचण्यांतले गुण कमी, असंही त्यात दिसलं होतं. तेव्हा 'आईने नीट वाढवलं नाही म्हणून हा आजार होतो' असं म्हणणारे तज्ज्ञ होते. त्या आयांच्या डोक्यावरचं ओझं उतरवण्यात या कामाचा वाटा मोठा आहे.

पुढे एमआरआय आलं आणि चित्र स्पष्ट झालं. औषधं घेणाऱ्या रुग्णांच्या मेंदूचं एकूण आकारमान निरोगी माणसांपेक्षा सरासरी अडीच टक्क्यांच्या आसपास कमी भरतं. मेंदू साधारण 1,300 ग्रॅमचा धरला तर हा फरक 30-35 ग्रॅमचा. कपाळामागचा आणि कानाजवळचा मेंदूचा बाह्य थर थोडा पातळ असतो. नवीन गोष्ट लक्षात ठेवायला लागणारा हिप्पोकॅम्पस लहान असतो, आणि माहितीची जंक्शनपेटी असलेला थॅलॅमसही. भागाभागांना जोडणाऱ्या पांढऱ्या तंतूंची बांधणी थोडी सैल दिसते. विचारांचा वेग मंदावण्याशी या तंतूंचा संबंध लागतो.

आता फरक केवढा, ते पाहा, कारण गैरसमज इथेच होतो. 2016 मध्ये एनिग्मा या आंतरराष्ट्रीय गटाने 2,028 रुग्ण आणि 2,540 निरोगी लोकांच्या एमआरआयची तुलना प्रसिद्ध केली. मेंदूच्या आतल्या भागांत सर्वांत मोठा फरक हिप्पोकॅम्पसमध्ये निघाला. त्या फरकाचा अर्थ असा: एक रुग्ण आणि एक निरोगी माणूस अशा 100 जोड्या लावल्या, तर साधारण 63 जोड्यांत रुग्णाचा हिप्पोकॅम्पस लहान निघेल आणि 37 जोड्यांत उलट. नाणं फेकलं तर 50-50 येतं. म्हणजे नाण्यापेक्षा थोडं बरं, एवढंच. आणि हेच जोड्यांचं गणित कागद-पेन्सिलच्या एका चाचणीला लावा. तीत अंकांखाली ठरलेली चिन्हं दीड-दोन मिनिटांत जमतील तेवढी भरायची असतात. तिथे 100 पैकी 86-87 जोड्यांत रुग्ण मागे पडतो. हजारो रुपयांच्या स्कॅनपेक्षा ही दोन मिनिटांची चाचणी रोजच्या अडचणीबद्दल जास्त सांगते.

म्हणून 'एमआरआय करून स्किझोफ्रेनिया आहे का ते सांगा' ही मागणी पुरी होऊ शकत नाही, आणि 'एमआरआय नॉर्मल आला म्हणजे नाटक करतो' हा निष्कर्ष तर सरळ अन्याय आहे. उलट बाजूने, रिपोर्टात 'व्हेंट्रिकल किंचित ठळक' किंवा 'वयाच्या मानाने किंचित आकुंचन' असं वाक्य आलं म्हणून मेंदू सुकत चालला असं समजू नये. शरीरातलं पाणी कमी होणं, दारू, वजनातले चढउतार, औषधं यांनीही ही मापं हलतात.

मग डॉक्टर एमआरआय सांगतात ते कशासाठी? दुसरं काही नाही ना, हे बघण्यासाठी. लक्षणं चाळिशीनंतर पहिल्यांदाच आली, सोबत फिट (आकडी) किंवा ताप आहे, डोक्याला मार लागलाय, एका बाजूची ताकद गेली, किंवा स्मरण काही आठवड्यांतच वेगाने ढासळलं, तर स्कॅन टाळू नये. त्याच वेळी थायरॉइड आणि बी-12 बघून घ्यावं. शाकाहारी घरांत बी-12 ची कमतरता सर्रास सापडते आणि ती भरून काढता येते. विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण बरेच आहेत. त्या आजारात बाहेरून काही न दिसता मेंदूत छोटे आघात होऊन विचारक्षमता घटू शकते. घरात सिकलसेल असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना ते आवर्जून सांगा.

मेंदू लहान का भरतो, याचं उत्तर पेशी मेल्या असं नाही. मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंत पेशींची संख्या मोठ्या प्रमाणात घटलेली दिसत नाही, आणि पेशी मरतात तिथे जे व्रण उरतात तेही सहसा सापडत नाहीत. कमी झालेल्या असतात त्या पेशींना एकमेकींशी जोडणाऱ्या बारीक फांद्या आणि त्यांवरचे काटे. काटोल-नरखेडकडच्या संत्राबागायतदारांना हे लगेच कळेल. तोडणीनंतर झाडावरची सल काढतात, वाळलेल्या काड्या गेल्या की झाड जोमाने वाढतं. मेंदूही किशोरवयात अशी छाटणी करतो, नको असलेले जोड काढून टाकतो. स्किझोफ्रेनियात ही कात्री गरजेपेक्षा जास्त चालते आणि जिवंत डहाळ्याही जातात, असा आजचा बळकट अंदाज आहे. आजाराचा धोका किंचित वाढवणारी सी4 या जनुकाची रूपं या छाटणीच्या यंत्रणेशी जोडलेली आहेत, हे 2016 मध्ये दाखवलं गेलं. आजार बहुधा 15 ते 30 या वयात का उघडा पडतो, याचा धागा इथे लागतो.

आहे त्या क्षमतेवर आणखी भार कशाचा पडतो

घरच्यांच्या हातात सर्वांत जास्त आहे ते इथे. चिठ्ठीवर ट्रायहेक्झिफेनिडिल हे नाव शोधा. पॅसिटेन या नावाने ते ओळखलं जातं, बहुधा 2 मिलिग्रॅमची गोळी. आवाज थांबवणाऱ्या औषधांमुळे हातपाय ताठ होणं, थरथरणं यावर ते दिलं जातं आणि त्या कामाला ते चांगलं आहे. पण स्मरणासाठी लागणारं अ‍ॅसिटिलकोलीन हे मेंदूतलं रसायन ते अडवतं. भारतात रिस्पेरिडोन (आवाज थांबवणारं एक औषध) आणि हे औषध एकाच गोळीत मिळतं, त्यामुळे ताठरपणा नसतानाही ते वर्षानुवर्षं पोटात जात राहतं. डॉक्टरांना विचारायचा प्रश्न असा: "ताठरपणा आता नाही, तर ही गोळी हळूहळू कमी करता येईल का?" स्वतःहून एकदम बंद करू नका, ताठरपणा आणि बेचैनी उसळते. फेनरगन ही अ‍ॅलर्जीवरची, गुंगी आणणारी गोळीही त्याच रसायनाला अडवते. क्लोनाझेपाम, लोराझेपाम या झोपेसाठी, बेचैनीसाठी दिल्या जाणाऱ्या गोळ्यांनीही नवीन गोष्टी लक्षात राहणं मंदावतं.

मूळ औषधांबद्दल प्रामाणिकपणे सांगायला हवं. अँटिसायकोटिक, म्हणजे आवाज आणि संशय थांबवणाऱ्या औषधांचा एकूण डोस जास्त असलेल्यांत मेंदूचा करडा भाग थोडा जास्त घटलेला आढळला आहे. हे वाचून कोणी औषध थांबवलं तर मोठं नुकसान होतं, कारण थांबवल्यावर आजार उलटण्याचा धोका खूप वाढतो आणि आजार प्रत्येक वेळी उलटल्यावर पूर्वपदावर येणं अवघड होत जातं. योग्य मागणी आहे ती परिणाम टिकेल अशा कमीत कमी डोसची. ती डॉक्टरांसमोर बसून करायची असते.

विडी-सिगारेटबद्दल एक बारकावा. धुरामुळे यकृत क्लोझापिन आणि ओलान्झापिन ही अँटिसायकोटिक औषधं जास्त वेगाने संपवतं. रुग्णाने अचानक विडी सोडली तर त्याच डोसने रक्तातलं क्लोझापिन चढतं, माणूस सुस्त होतो, कधी फिटही येते. सोडायचीच आहे, फक्त आधी डॉक्टरांना सांगून. खर्र्यात (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणात) धूर नसल्याने हा परिणाम होत नाही, पण तोंडाच्या कर्करोगाचा धोका तसाच राहतो.

आणि उन्हाळा. नागपूरकरांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. ट्रायहेक्झिफेनिडिलने घाम कमी येतो, अँटिसायकोटिक औषधं शरीराचं तापमान सांभाळण्यात अडथळा आणतात, आणि नवतपात पारा अनेकदा 45 च्या वर जातो. अशा वेळी माणूस अचानक बरळायला लागला, कातडी तापलेली आणि कोरडी असली, चाल लटपटली, तर आजार उलटला असं समजून जास्तीची गोळी देऊ नका. आधी उष्माघात गृहीत धरा. सावलीत घ्या, अंगावर पाणी आणि वारा घाला, 108 ला फोन करा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका. तापासोबत अंग लाकडासारखं ताठलं असेल तर तो औषधाचाच एक दुर्मीळ पण जीवघेणा परिणाम असू शकतो, तिथेही थेट रुग्णालय. लिथियम (मनःस्थिती स्थिर ठेवणारं औषध) चालू असेल तर पाणी कमी पडल्यावर त्याची रक्तातली पातळीही चढते. एप्रिल ते जून 11 ते 4 बाहेरची कामं देऊच नयेत.

काय केल्याने फरक पडतो

विचारक्षमता सुधारणारी खात्रीची गोळी आज नाही. ज्याचा परिणाम अभ्यासांत टिकला आहे ते म्हणजे प्रशिक्षण, इंग्रजीतलं कॉग्निटिव्ह रेमेडिएशन. आठवड्याला दोन-तीन बैठका, प्रत्येकी पाऊण ते एक तास, तीन-चार महिने. 2021 मध्ये 130 अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा फायदा लहान पण खरा निघाला, आणि शिकवणारा माणूस सोबत असेल, युक्त्या शिकवल्या जात असतील आणि जोडीला कामाचं प्रशिक्षण असेल तिथे तो जास्त होता. मोबाइलवर 'मेंदूचे खेळ' डाउनलोड करून दिले तर माणूस त्या खेळात पटाईत होतो, गल्ला काही जुळत नाही. खेळानंतर 'हीच युक्ती दुकानात कुठे वापरशील?' हे विचारणारं कोणी लागतं.

भरभर चालणं किंवा सायकल, दम लागेल इतपत, याचाही उपयोग दिसला आहे. आठवड्याला दीडशे मिनिटांकडे हळूहळू न्या. अंबाझरीच्या बाजूला सकाळी सातच्या आत, कोणासोबत तरी, कारण एकट्याने ते दुसऱ्या आठवड्यात सुटतं. ओलान्झापिन, क्लोझापिनने वजन आणि साखर वाढते, आणि वाढलेली साखर विचारक्षमतेला आणखी ओढते. सुरुवातीला, तीन महिन्यांनी आणि मग दरवर्षी वजन, कंबर आणि उपाशीपोटीची साखर बघा.

घरात बोलण्याची पद्धत बदलली तर आजपासून फरक दिसतो. "कॉटन मार्केटला जा, सांभार, मिरच्या, लिंबं आण, येताना पीठ घे आणि लाइटबिल भर" हे पाच कामांचं वाक्य आहे. यातलं एखाद-दुसरं हमखास गळतं. टीव्ही बंद करा, एक काम सांगा, त्याच्याच तोंडून परत म्हणवून घ्या, उत्तरासाठी मनात दहापर्यंत मोजा. मग उरलेलं चिठ्ठीवर लिहून द्या. चिठ्ठी खिशात नको, पैशांच्या पाकिटातच, म्हणजे पैसे काढताना ती दिसते. मोबाइलचा गजर नुसता वाजला तर तो बंद करून माणूस विसरतो, म्हणून गजराला नाव द्या: 'रात्रीची गोळी, फ्रिजवरचा डबा'. आठवड्याचा कप्प्यांचा गोळीडबा घ्या. त्याने गोळी घेतली का, यावरचं भांडणही संपतं.

नवीन काम शिकवताना चुका होऊ देऊन शिकवू नका. या आजारात चुकीची पायरीसुद्धा तितकीच पक्की बसते. चिल्लर शिकवायची तर पहिले काही दिवस फक्त पुढे मोजणं: 68 चा माल, मग 69, 70 म्हणत दोन नाणी, दहाच्या तीन नोटा, शंभर. वजाबाकी नाहीच. तुम्ही करता, तो बघतो. मग दोघं मिळून. मग तो करतो आणि तुम्ही फक्त शेजारी. गर्दीची वेळ टाळून दुपारचा एक तास. मेट्रोचंही तसंच: आधी चारदा सोबत, मग तुम्ही पुढच्या डब्यात, मग सीताबर्डीला वाट बघत उभे.

नागपुरात मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं, एम्स आणि प्रादेशिक मनोरुग्णालय, चारही ठिकाणी मानसोपचार विभागात दाखवता येतं. फोनवर सल्ला हवा असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक निःशुल्क आहे.

दिव्यांगता प्रमाणपत्रासाठी आयडियाज नावाचं मोजमाप वापरतात. स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद व समज, आणि काम, या चार भागांना 0 ते 4 गुण, अधिक आजार किती वर्षांचा त्याचे गुण. 20 पैकी 7 गुण झाले की 40 टक्के दिव्यांगता धरली जाते. दिव्यांग हक्कांच्या 2016 च्या कायद्याखालच्या बऱ्याच सवलतींचा उंबरठा तोच आहे. तिथे गेल्यावर 'विसरतो, हळू आहे' एवढंच सांगितलं तर कमी गुण पडतात. आधीचे पंधरा दिवस वहीत रोज एक ओळ लिहा: सांगितलेल्या चारपैकी किती वस्तू आल्या, अंघोळीसाठी किती वेळा आठवण करावी लागली, दुकानात किती वेळ टिकला, गल्ल्यात किती रुपयांचा फरक पडला. ती वही टेबलावर ठेवा.